नाव पुसलेला ट्रम्पेट

दिवाळीच्या आधी घराघरांत माळ्यावरचे पितळ खाली उतरते. हंडे, समया, तबके, एखादा आजीचा पानाचा डबा. चिंच भिजत पडते, आणि संध्याकाळपर्यंत ओटीवर सगळे सोन्यासारखे चमकू लागते. गेल्या वर्षी तारापूरला मामांच्या घरी अशाच साफसफाईत गोठ्यावरच्या माळ्यातून गोणपाटात गुंडाळलेला एक ट्रम्पेट निघाला. काळवंडलेला, भोंग्याला पोचे पडलेले, तिन्ही पिस्टन जाम, माउथपीस गायब. मामींनी चिंचेचे पातेले पुढे ओढलेच होते. मी म्हटले, “मामी, आज याला हात लावू नका.”

“अरे, पण मी तो शाळेला द्यायचा ठरवलाय,” मामा म्हणाले. “पहिल्या महायुद्धातला आहे. बाबांच्या काकांनी मेसोपोटेमियातून आणला होता. बोईसरला एका पॉलिशवाल्याशी बोललोय मी. बफिंग करून निकल चढवून देतो म्हणाला. खाली पाटी लावू, महायुद्धातला रणवाद्य म्हणून.”

आजोबा चिंचणी-तारापूर पट्ट्यात लग्नाच्या बँडमध्ये वाजवत. तुळशीचे लग्न झाले की सुरुवात, पावसाळा तोंडावर आला की शेवट. बाकीचे महिने शेती. हा ट्रम्पेट त्यांचा, एवढे आईला आणि मामांना पक्के ठाऊक होते. महायुद्धाची गोष्ट मात्र दोघांनीही नुसती ऐकलेली. माझी नोकरी बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत टूलरूममध्ये गेली. मला सूर कळत नाहीत, पण माप कळते. पाटीवर जे कोरायचे ते खरे असावे, म्हणून मी मामांकडे चार महिने मागितले. या लेखात त्या चार महिन्यांचा हिशेब आहे. कुणाच्या माळ्यावर असे बिननावाचे वाद्य पडले असेल, तर त्यांना तो उपयोगी पडेल.

आधी जात ठरवायची

आपल्याकडे फुंकून वाजवायच्या पितळी वाद्याला सरसकट बिगुल म्हणतात. बिगुलाला पिस्टन नसतात. तुतारीसारखे त्यातून ठरावीक स्वरच निघतात. आपल्या पालघरच्या तारप्यात बांबूच्या जिभल्या थरथरतात, तर या साऱ्या पितळी वाद्यांत थरथरतात ते वाजवणाऱ्याचे ओठ. नळी जितकी लांब तितका सूर खाली. पिस्टन दाबला की हवेला एका जादा वळणातून जावे लागते, म्हणजे नळी तेवढी लांबते. मधला पिस्टन अर्धा स्वर उतरवतो, पहिला एक स्वर आणि तिसरा दीड. या युक्तीने सगळे स्वर हाताशी येतात. आज सगळीकडे दिसतो तो उभ्या पिस्टनचा आराखडा पॅरिसच्या फ्रान्स्वा पेरिने याने १८३९ साली काढला. जर्मन आणि ऑस्ट्रियन कारागिरांनी मात्र फिरत्या झडपा पसंत केल्या. आमच्या वाद्याला उभे पिस्टन होते, त्यामुळे ते जुन्या जर्मन घडणीचे नव्हते.

पुढचा प्रश्न, ट्रम्पेट की कॉर्नेट? दोघांची नळी जवळजवळ सारखीच, साडेचार फुटांच्या आसपास. कॉर्नेटची नळी जास्त गुंडाळलेली असते, म्हणून तो आखूड आणि गुबगुबीत दिसतो. त्याची नळी बराच अंतर हळूहळू रुंदावत जाते आणि माउथपीसचा दांडा बारीक असतो. ट्रम्पेट लांबट, नळी बरीचशी एकाच मापाची, माउथपीसचा दांडा जाड. मी दोरी लावून नळी मोजली, व्हर्नियरने तोंडाकडचे भोक मोजले. आमचे वाद्य निःसंशय ट्रम्पेट होते.

इथेच मनात पहिली पाल चुकचुकली. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश पलटणींच्या बँडमध्ये चाल वाजवण्याचे मुख्य काम कॉर्नेटकडे असे. लग्नाच्या बँडनी वाद्ये, गणवेश आणि कवायतीची शिस्त उचलली ती याच पलटणींकडून. ट्रम्पेटचा झणझणीत आवाज आपल्या घरांत पोचला तो पुढे, मुंबईच्या हॉटेलांत जाझ वाजवणाऱ्या गोव्याच्या वादकांमुळे आणि हिंदी चित्रपटांमुळे. चिक चॉकलेट या नावाने गाजलेले आंतोनियो झेवियर वाझ हे त्यांतले ठळक नाव. सी. रामचंद्रांच्या १९५१ च्या ‘अलबेला’त ते आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसतात. अशी गाणी वरातीत वाजवायची म्हणजे बँडला ट्रम्पेट हवाच. पण एवढ्यावरून निकाल देता येत नाही. पलटणीत ट्रम्पेट अगदीच नसत असे नाही.

नाव का नाही?

वाद्यावर नाव असते ते सहसा भोंग्यावर; अनुक्रमांक असतो मधल्या पिस्टनच्या घरावर. आमच्याकडे दोन्ही जागा कोऱ्या. याची तीन कारणे संभवतात.

पहिले, नाव मुळात घातलेच नसेल. सॅक्सनीतले मार्कनॉयकिर्खेन आणि बोहेमियातले ग्रासलिट्झ, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातले क्रास्लित्से, ही वाद्ये बनवणारी गावे. तिथून जगभरच्या दुकानदारांना बिननावाची वाद्ये जात आणि दुकानदार त्यांवर आपले नाव कोरून विकत. दुसरे, वाद्य इथलेच असेल. मेरठच्या जली कोठी भागात पितळी वाद्ये घडवणारे कारखाने आहेत. त्यांतली नादिर अली अँड कंपनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनची. देशभरातल्या लग्नांच्या बँडना वाद्ये पुरवणारे गाव म्हणून मेरठ प्रसिद्ध आहे. आणि तिसरे कारण, नाव होते, पण गेले.

हे तपासायला महागडे यंत्र लागत नाही. रात्री खोलीतले दिवे घालवले आणि बॅटरी भोंग्याला जवळजवळ टेकवून, अगदी तिरकी धरली. समोरून गुळगुळीत दिसणाऱ्या पत्र्यावर तिरक्या उजेडात एका लंबगोलाची अर्धी कड उमटली. आत दोन-तीन आडव्या ओळींची नुसती चाहूल, अक्षर एकही वाचता येईना. ठसा मारताना धातू खाली दबतो. वरचा थर घासून काढला तरी खालची दाब पुसट राहते. म्हणजे नाव होते. ते गंजाने गेले नव्हते, कारण गंज असा एकसारखा, सपाट खात नाही. ते बफिंगच्या चाकाने गेले होते.

आईला विचारले. ती आता चौऱ्याऐंशीची आहे. म्हणाली, “बाबा दर दोन-तीन वर्षांनी वाद्यं पॉलिशला द्यायचे. लग्नवाले आधी चकाकी बघायचे, मग वाजवणं.”

या उत्तराने माझा राग निवळला. नाव पुसणारा कुणी अडाणी नव्हता. पोट भरणाऱ्या माणसाने आपले हत्यार गिऱ्हाइकाला आवडेल तसे ठेवले होते.

आटे काय सांगतात

पिस्टनच्या घराला वर-खाली फिरकीची टोपणे असतात. ती काढायला आठवडा गेला. सांध्यांवर हलके तेल सोडायचे, वाट बघायची, रोज लाकडी हातोडीने अलगद टिचक्या मारायच्या. पक्कड लावायची नाही. पिस्टन आणि त्याचे घर यांत मिलिमीटरच्या काही शतांशांचीच फट असते. घर जरासे दबले तरी तो पिस्टन पुन्हा कधी सरळ चालत नाही.

टोपणे निघाल्यावर आट्यांना गेज लावला. जुन्या इंग्लिश पद्धतीत आटे इंचाला किती हे मोजतात, युरोपखंडात ते मिलिमीटरमध्ये. पहिल्या दोन घरांचे आटे इंचाच्या गेजमध्ये नीट बसले. तिसऱ्याचे बसले नाहीत. ते मिलिमीटरचे निघाले. तिसऱ्या पिस्टनवरचा आकडाही वेगळ्या ठशाचा होता आणि त्याच्या घराभोवतीची डाक जाड, हाताने लावलेली. थोडक्यात, एका वाद्याचा तिसरा पिस्टन कधीतरी निकामी झाला आणि कुणीतरी दुसऱ्या वाद्याचा भाग कापून इथे जुळवला. काम इतके सफाईदार होते की टूलरूममध्ये आयुष्य घालवलेल्या मलाही ते गेज लावेपर्यंत दिसले नव्हते.

इंचाचे आटे म्हणजे वाद्य विलायती, असा निष्कर्ष मात्र घाईचा ठरतो. आपल्या देशात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला आणि ती मापे टप्प्याटप्प्याने रुळली. त्याआधी इथले कारखानेही इंचातच काम करत. आट्यांनी एवढेच सांगितले, की मूळ वाद्य एक तर इंग्लंडचे किंवा इंग्लिश नमुन्यावर हिंदुस्थानात घडवलेले.

सुराची साक्ष

महायुद्धाच्या गोष्टीची खरी परीक्षा सुरात होती. आज ‘ए’ हा स्वर सेकंदाला ४४० कंपनांवर धरतात; हे आंतरराष्ट्रीय माप १९३९ च्या लंडन परिषदेत ठरले. पण त्याआधी ब्रिटिश लष्करी बँडचा सूर बराच चढा होता, सुमारे ४५२. हा फरक जवळजवळ अर्ध्या स्वराच्या अर्धा. लष्कराने हा चढा सूर सोडला तो १९२० च्या दशकाच्या अखेरीस. तेव्हा पहिल्या महायुद्धातले पलटणीचे वाद्य असेल, तर ते चढ्या सुराचे, म्हणजे नळी थोडी आखूड असलेले असायला हवे.

फुंकण्याआधी नळ्या कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुतल्या. दोरीला फडके बांधून आतून ओढले. बाहेर आलेला चिखल पाहून कुणाचीही न धुता फुंकायची छाती झाली नसती. मग वसईकडचे एक निवृत्त बँडमास्तर स्वतःचा माउथपीस घेऊन आले. पिस्टन जाम असले तरी वरच असतील तर मोकळा स्वर काढता येतो. मुलीने मोबाइलवर कंपने मोजणारे ॲप लावले. आम्ही मुद्दाम जानेवारीतली सकाळ निवडली होती. हवा दहा अंशांनी तापली तर सूर दीड टक्क्याहून अधिक चढू शकतो, आणि दोन मापांमधला सगळा फरकच तीन टक्क्यांच्या आत आहे. मे महिन्यातल्या दुपारी हा प्रयोग केला असता तर उत्तर चुकले असते.

४४० च्या मापात या मोकळ्या स्वराची कंपने ४६६ भरतात, जुन्या चढ्या मापात ४७९. मुख्य सरकनळी पूर्ण आत असताना आमचा ट्रम्पेट ४७० वर बोलला. सहा-सात मिलिमीटर बाहेर ओढल्यावर बरोबर ४६६. एक पळवाट उरली होती. चढ्या सुराची वाद्ये पुढे लांब सरकनळी बसवून उतरवून घेत असत. म्हणून ती नळीही तपासली. तिला कुठे जोड नव्हता, पत्रा आणि रंग बाकीच्या वाद्याशी मिळताजुळता. वाद्य मुळातच खालच्या सुराचे होते.

ट्रम्पेट, इंचाचे आटे, खालचा सूर. ही तीन साक्षी एकत्र घेतल्या की मेसोपोटेमियाची गोष्ट टिकत नाही. वाद्य बहुधा १९३० नंतरचे, इंग्लिश घडणीचे किंवा त्या नमुन्याचे, आणि आपल्याकडे एकदा तरी जुळवून दुरुस्त केलेले.

त्या सकाळी आणखी एक गोष्ट घडली. बँडमास्तरांनी स्वर लावला तेव्हा आई पडवीत बसली होती. सगळ्यांना वाटले, तिचे डोळे भरून येतील. ती एवढेच म्हणाली, “हा आवाज नाही. बाबांचा बसका होता.”

बँडमास्तरांनी मान हलवली. “बरोबर आहे, आजी. माउथपीस माझा आहे.” माउथपीसच्या वाटीची खोली, काठाची रुंदी आणि वाजवणाऱ्याचे ओठ यांवर आवाजाचा पोत ठरतो. १९३९ साली बीबीसीने कैरोहून तुतानखामेनच्या कबरीतल्या तुताऱ्या वाजवून जगाला ऐकवल्या, पण त्यांना आधुनिक माउथपीस लावलेला होता. फराओच्या काळचा आवाज म्हणून लोकांनी जो ऐकला, तो निम्मा विसाव्या शतकातला होता. आजोबांचा आवाज दुरुस्तीने परत येणार नव्हता, हे आईने एका वाक्यात सांगून टाकले.

पितळेचे आजार

आता प्रश्न उरला दुरुस्तीचा. वाद्याचे पितळ म्हणजे साधारण सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त. त्याला होणारे तीन आजार ओळखता आले पाहिजेत.

पहिला नुसता काळेपणा. तो वरवरचा असतो आणि खालच्या धातूला एक प्रकारे जपतो. दुसरा घातक. थुंकी, घाम आणि आपल्याकडची खारी हवा यांमुळे पितळातले जस्त निघून जाते आणि तांब्याची सच्छिद्र जाळी मागे राहते. बाहेरून गुलाबी ठिपके दिसतात, मध्ये गडद टिंब. तोंडाकडची नळी सर्वांत आधी अशी सडते, आणि ती आतून सडते. आमच्या ट्रम्पेटच्या त्या नळीवर असे पाच ठिपके होते. बफिंगच्या चाकाखाली तिथे सरळ भोके पडली असती. चिंचेचे आम्लही अशा जागी काळेपणापाशी थांबत नाही, पोखरलेल्या भागात मुरते.

तिसऱ्या आजाराचा आपल्या देशाशी जुना संबंध आहे. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांत साठवली की आपोआप तडकत. कारण घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया. ठोकून किंवा दाबून घडवलेल्या पितळात ताण कोंडलेला असतो, आणि अमोनियाची वाफ लागली की ते त्या ताणाच्या रेषेवर फुटते. याचा शास्त्रीय उलगडा १९२१ साली झाला. आमचा ट्रम्पेट कैक वर्षे गोठ्यावरच्या माळ्यात होता. भोंग्याच्या वळणावर, आधारपट्टीजवळ, केसाएवढी एक चीर सापडली तेव्हा मला नवल वाटले नाही. अमोनिया असलेले पॉलिश पितळी वाद्याला का लावू नये, तेही यातून कळते.

काय करायचे, काय नाही

मी मामांना घेऊन बसलो आणि एकेक जागा दाखवली. पत्रा मुळात जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा, वळणावर तर त्याहून पातळ झालेला. आधीच्या पॉलिशांनी तो खाल्ला होता. मग डाव्या हाताची पकड दाखवली. पिस्टनच्या घरांवर शेवटचे निकल एका ठरावीक आकारात पूर्ण गेले होते आणि खालचे पितळ उघडे पडले होते. तळहाताचा उंचवटा, अंगठ्याची जागा, बोटांच्या खुणा. पहिल्या पिस्टनच्या बटणाला मध्ये खोलगट खळगा पडला होता. शेवटच्या पॉलिशनंतरचे हे आजोबांचे हंगाम होते.

“मामा, पहिल्या पॉलिशने बनवणाऱ्याचं नाव गेलं,” मी म्हटलं. “आता पुन्हा केलं तर आजोबांचा हात जाईल.”

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “महायुद्धाचं खोटं ना?”

“खोटं कुणी सांगितलं नसेल. दुसरं एखादं वाद्य आलंही असेल तिकडून. पण हे ते नव्हे.”

जपणूक करणाऱ्यांचा एक साधा नियम आहे. जे उद्या उलटवता येईल तेच आज करावे. त्याप्रमाणे आम्ही यादी केली. पिस्टन आणि सरकनळ्या मोकळ्या करायच्या. चिरेवर पातळ पट्टी ठेवून कथलाची मऊ डाक लावायची. ती दोनशे अंशांच्या आसपास वितळते आणि पुढे कुणालाही काढता येते. झाळकामाला याच्या तिप्पट उष्णता लागते, तिने पितळ नरम पडते आणि रंगही बदलतो. सडलेली तोंडाकडची नळी बदलायची नाही, त्यामुळे ट्रम्पेट रोज वाजवायचाही नाही. पोचे तसेच ठेवायचे, कारण त्यांनी हवा अडत नाही. बफिंग नाही, निकल नाही, लाखही नाही. शेवटी मऊ फडके आणि कोरडी पेटी. प्रत्येक पायरीआधी आणि नंतर फोटो काढून ते मापांसकट वहीत चिकटवले.

प्रत्येक वाद्याला हाच निर्णय लागू पडेल असे नाही. एखाद्या मुलाला शिकायला द्यायचा असेल, पत्रा जाड असेल, नाव जागेवर असेल आणि तशी शेकडो वाद्ये बाजारात असतील, तर नळी बदलून, पोचे काढून तो वाजता करणे हेच त्याचे भले. ट्रम्पेट शेवटी वाजण्यासाठीच असतो. पण तो निर्णय घेण्याआधी तिरका उजेड, व्हर्नियर, आट्यांचा गेज आणि थंड सकाळ एवढे तरी वापरून घ्यावे. ओळख पटवण्याच्या साऱ्या खुणा त्याच पृष्ठभागावर असतात, जो पॉलिशवाला सर्वांत आधी काढतो. नंतर विचारायला काही उरत नाही.

फेब्रुवारीत ट्रम्पेट शाळेला दिला. बँडमास्तरांनी एकदाच वाजवला. तिन्ही पिस्टन चालले, तिसरा थोडा अडखळत. पाटी मामांनी स्वतः लिहून आणली होती. तिच्यावर आहे: “लग्नाच्या बँडमधील ट्रम्पेट. बनवणाऱ्याचे नाव पुसले गेले आहे. तिसरा पिस्टन दुसऱ्या वाद्याचा, अज्ञात कारागिराने बसवलेला. तारापूर-चिंचणी परिसरात १९७० पर्यंत वाजत होता.” खाली आजोबांचे नाव, आणि त्याखाली एक ओळ: “कृपया पॉलिश करू नये.”

या दिवाळीला मामींनी चिंच भिजवली ती फक्त समयांसाठी.